एक फाइल, अनेक हात: प्राथमिक वर्गात ऑनलाइन सहलेखनाची सुरुवात कशी करावी

ऑनलाइन सहलेखनाची, म्हणजे एकाच फाइलीत अनेकांनी मिळून लिहिण्याची, साधने मुलांसमोर ठेवण्यापूर्वी शिक्षकांनी ती स्वतःच्या कामात निदान महिनाभर वापरलेली असावीत, हे माझे स्पष्ट मत आहे. एक दिवसाच्या प्रशिक्षणात बटणे समजतात. परंतु आपण लिहिलेली ओळ दुसऱ्याने बदलली की मनात काय होते आणि त्यावर उपाय काय, हे प्रत्यक्ष कामातच कळते. खानापूर, बेळगाव किंवा निपाणी भागातील मराठी शाळांत असे काम शोधावे लागत नाही. शेजारच्या तीन-चार शाळांतील शिक्षक मिळून घटक चाचणीची प्रश्नपत्रिका तयार करतात, तेव्हा ती व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत राहते आणि अखेरीस ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ व ‘फायनल खरी’ अशा तीन फाइली प्रत्येकाच्या फोनमध्ये साठतात. हीच प्रश्नपत्रिका गुगल डॉक्स या ऑनलाइन लेखनाच्या साधनात एकदा तयार करावी आणि पुढे फक्त तिचा दुवा पाठवावा.

दुवा पाठवताना परवानगी कोणती द्यायची, हा पहिला महत्त्वाचा निर्णय असतो. ‘शेअर’ बटण दाबल्यावर समोरच्या व्यक्तीला केवळ वाचता यावे, वाचून शेरा देता यावा, की मजकूरच बदलता यावा, असे तीन पर्याय मिळतात. ज्यांनी प्रश्न लिहायचे आहेत त्यांचे ईमेल पत्ते घालून त्यांना बदल करण्याची परवानगी द्यावी; मुख्याध्यापकांना शेरा देण्याची परवानगी पुरते. ‘दुवा असलेल्या कोणालाही बदल करता येईल’ हा पर्याय सोपा वाटतो, म्हणूनच तो टाळावा, कारण त्या वाटेने आत आलेल्या, खात्यात प्रवेश न केलेल्या माणसाचे नाव दिसत नाही. त्याच्या जागी एखाद्या निनावी प्राण्याचे चित्र दिसते आणि कोणता बदल कोणी केला ते शोधता येत नाही.

दुसरी अडचण अक्षरांची आहे. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तो मजकूर उचलून डॉक्समध्ये चिकटवला की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग उमटते. तो युनिकोड या सर्व उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत रूपांतरित करावा किंवा सरळ नव्याने टाइप करावा. फोनवर जीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड हे दोन्ही कळफलक जोडून ठेवले, तर एकाच तक्त्यात दोन्ही लिप्या सुखाने नांदतात. मायक्रोफोनचे चिन्ह दाबून बोलूनही लिहिता येते, मात्र यंत्राला पुस्तकी मराठी जवळची वाटते. आपल्याकडचे मूल ‘जाऊलालो’ म्हणाले की तिथे काहीतरी भलतेच उमटण्याची शक्यता असते. असा शब्द हाताने दुरुस्त करावा, पण ‘जात आहे’ असा नव्हे, तर मुलाने उच्चारला तसाच.

सर्वांत मोठी भीती ‘सगळे पुसले गेले तर?’ ही असते, आणि ती बोलून जात नाही. म्हणून शिक्षकांच्या सरावाच्या बैठकीत एखाद्या फाइलीतील मजकूर मुद्दाम पुसून टाकावा. नंतर संगणकावर ‘फाइल’ मेनूतून आवृत्ती-इतिहास उघडावा, उजव्या बाजूच्या तारीख-वेळांपैकी पुसण्याआधीची वेळ निवडावी आणि ती आवृत्ती परत आणावी. ही पाच मिनिटे ज्याने अनुभवली, तो शिक्षक वर्गात मुलाच्या हातातून फोन हिसकावून घेत नाही.

आता वर्गाकडे वळू. पहिली ते पाचवीची मुले साधारण सहा ते अकरा वर्षांची असतात, आणि भारतात स्वतःचे गुगल खाते स्वतः सांभाळण्यासाठी किमान १३ वर्षांचे वय लागते. जन्मवर्ष खोटे लिहून मुलांची खाती काढण्याचा मार्ग शाळेने कधीही स्वीकारू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे. प्राथमिक शाळेसाठी याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे: खाते शिक्षकाचे, उपकरण शाळेचे किंवा शिक्षकाचे, आणि फाइलीत मुलांची पूर्ण नावे, पत्ते वा चेहरे असू नयेत. गटांना फुलांची किंवा नद्यांची नावे द्यावीत. काम सुरू करण्याआधी एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ती फाइल पालकांना उघडून दाखवावी. दाखवलेल्या गोष्टीविषयी शंका कमी राहतात.

पहिल्या पाठासाठी एकच संगणक किंवा टॅबलेट आणि एखादा टीव्ही अथवा प्रोजेक्टर पुरेसा आहे. विषय मी मराठी-कन्नड शब्दांचा तक्ता हा सुचवेन, कारण इथल्या मुलांच्या कानावर दोन्ही भाषा पडतात आणि प्रत्येक मुलाकडे देण्यासारखे काहीतरी असते. आधी वह्या उघडाव्यात. चार-चार मुलांच्या गटाने घरात, बाजारात आणि बसमध्ये ऐकलेले दहा शब्द कागदावर लिहावेत, आपसांत बोलून त्यांतील पाच निवडावेत आणि मगच एकेका गटाने पुढे येऊन तक्त्यात आपल्या रंगात ते भरावेत. एकाने टाइप करायचे, दुसऱ्याने अक्षरे सांगायची, तिसऱ्याने पडद्यावर पाहून चूक दाखवायची, चौथ्याने तो शब्द वाक्यात वापरून दाखवायचा, आणि पुढच्या शब्दाला या जबाबदाऱ्या बदलायच्या. कर्नाटकातील नली-कली या कृतीतून आनंदाने शिकण्याच्या पद्धतीशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना गटात एकमेकांच्या आधाराने शिकणारी मुले नवीन नाहीत. इथे फक्त गटाची पाटी सर्वांना दिसते.

तक्ता भरू लागला की खरी गंमत सुरू होते. कन्नडमध्ये पावसाला ‘मळे’ म्हणतात आणि मराठीत मळे म्हणजे भाजीचे. कन्नडमधील ‘मर’ म्हणजे झाड, हे कळल्यावर तर वर्ग हसून लोळतो. हसू द्यावे, आणि तिथेच तक्त्याला ‘ऐकायला सारखे, अर्थाने वेगळे’ असा नवीन रकाना जोडावा. ‘अण्णा’, ‘अक्का’ असे दोन्हीकडे चालणारे शब्द कोणत्या रकान्यात घालावेत यावर गटांत वाद झाला, तर निर्णय शिक्षकाने देऊ नये. दोन्ही मते शेऱ्याच्या चौकटीत लिहून ठेवावीत आणि मुलांनी घरी विचारून यावे.

एक चूक मी स्वतः केली आहे. चौथीच्या वर्गात उत्साहाने तीन फोनवर एकाच वेळी तीच फाइल उघडून दिली, तेही प्रत्येक गटाची जागा न ठरवता. दहा मिनिटांत एका गटाचे शब्द दुसऱ्याने पुसले, तिसऱ्याने पानभर हसरे चेहरे ओतले आणि उरलेला तास रडारड आवरण्यात गेला. तेव्हापासून अनेक उपकरणे असतील तेव्हा मी गुगल स्लाइड्स हे सादरीकरणाचे साधन वापरतो: प्रत्येक गटाला एक स्लाइड, तिच्यावर गटाचे नाव आधीच लिहिलेले, आणि नियम एकच की दुसऱ्याच्या स्लाइडवर शेरा द्यायचा, हात लावायचा नाही. शेराही ‘छान’ असा एका शब्दाचा चालत नाही. काय आवडले आणि काय समजले नाही, ही दोन वाक्ये हवीत.

हा सराव पक्का झाला की दोन शाळांनी मिळून काम करावे, कारण कागद जिथे पोहोचत नाही तिथेच या साधनाचा खरा उपयोग आहे. एकाच वर्गातल्या मुलांनी एकमेकांना चिठ्ठी लिहिण्यासाठी इंटरनेट लागत नाही. परंतु मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीची मुले आणि तीच नदी ज्याच्या जवळून वाहते त्या खानापूरची मुले जून ते सप्टेंबर दर आठवड्याला आपापल्या ठिकाणचे पाणी कसे दिसले, रंग कोणता होता, काठावर काय उगवले, हे एकाच सादरीकरणात लिहू लागली, तर परिसर अभ्यासाचा धडा त्यांचा स्वतःचा होतो. छायाचित्रे पाण्याची घ्यावीत, मुलांची नव्हे, आणि ती शिक्षकाने सुरक्षित जागेवरून घ्यावीत.

याच महिन्यांत खानापूरच्या पश्चिम भागात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. म्हणून पाठाच्या आदल्या दिवशी फाइल फोनच्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइन उपलब्ध करून ठेवावी. नेटवर्क नसताना केलेले बदल संपर्क आल्यावर वर जातात. मात्र त्या काळात दोन ठिकाणी एकाच ओळीत बदल झाले तर मजकुराची सरमिसळ होऊ शकते, त्यामुळे जागा वाटून देण्याचा नियम इथे अधिकच कसोशीने पाळावा.

ज्यांना अजून सलग लिहिता येत नाही अशा पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पॅडलेट हा ऑनलाइन फलक उपयोगी पडतो, कारण त्यावर चित्र किंवा आवाजही ठेवता येतो आणि शिक्षकाने मान्यता दिल्यावरच नोंद दिसेल अशी व्यवस्था करता येते. मोफत खात्यात मोजकेच फलक मिळतात. तथापि कोणत्याही एका साधनावर विसंबून राहू नये: गुगलचे जॅमबोर्ड हे ऑनलाइन फळ्याचे साधन अनेक शिक्षकांच्या हाताला बसले होते, आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी ते बंद झाले. त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या शेवटी ‘फाइल’ मेनूतील ‘डाउनलोड’मधून पीडीएफ प्रत काढून शाळेच्या संगणकावर ठेवावी आणि तिची एक छापील प्रत वर्गाबाहेरच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही, ते पालकही मुलाला घ्यायला आल्यावर ती वाचतात, आणि राहून गेलेला एखादा शब्द शिसपेनने तिथेच लिहून जातात. तो दुसऱ्या दिवशी मुलांकरवी तक्त्यात चढवावा.