रिटायर होऊन सांगलीला येताय? नदीकाठ की नातेवाईक, घर घ्यायच्या आधी वाचा

मुंबई-पुण्याकडनं रिटायर होऊन सांगलीला यायचं म्हणणाऱ्यांचे फोन मला सारखे येतात, कुणाची वहिनी असते, कुणाचे ऑफिसातले जुने साहेब असतात, आणि विचारायचं एकच असतं की काकू नदीच्या बाजूला घर घेऊ का बहिणीच्या जवळ घेऊ. फोनवर दरवेळी काहीतरी सांगायचं राहून जातं म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

आम्ही २०१४ च्या जूनमध्ये डोंबिवलीचा ब्लॉक विकून इथं आलो. मी पोस्टातनं रिटायर, हे एका कंपनीतनं. यांचं आजोळ हरिपूर, लहानपणी मे महिन्याची सगळी सुट्टी कृष्णा-वारणेच्या संगमावर डुंबण्यात गेलेली, त्यामुळं यांचा हट्ट की आता नदीकाठीच राहायचं. मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्यात, आणि नणंद इथंच विश्रामबागला. नणंद म्हणत होती आमच्या गल्लीत फ्लॅट रिकामा आहे तो घ्या, पण आम्ही ऐकलं नाही आणि नदीलगतच्या गावभागात तळमजल्याचा फ्लॅट भाड्यानं घेतला. तळमजला का, तर यांचे गुडघे.

पाच वर्षं सोन्यासारखी गेली हे आधी सांगते, नदीला नावं ठेवतेय असं वाटायला नको. पहाटे घाटावर चक्कर, तिथनं गणपतीच्या देवळात, येताना मंडईत कृष्णाकाठची वांगी मिळाली तर त्या दिवशी भरीत ठरलेलंच. यांची शुगर त्या चालण्यानं खाली आली होती. संध्याकाळी आयर्विन पुलावर जाऊन उभं राहिलं की एप्रिल-मे मधला दिवसभराचा उकाडा निघून जायचा. त्यामुळं जे म्हणतात पाण्याजवळ राहायचंय त्यांचं मला शंभर टक्के पटतं, माणसाला पाणी बघून बरं वाटतं आणि आयुष्यभर लोकलमध्ये लोंबकळून आलेल्याला तर जास्तच वाटतं.

आता पुराचं. सांगलीत पावसाळ्यात कुणी भेटलं की तब्येत नंतर विचारतात, आधी विचारतात ‘आयर्विनला किती?’ म्हणजे आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी किती फूट झाली. ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका. हे दोन आकडे इथं येणाऱ्या प्रत्येकानं पाठच करायचे. त्याच्या जोडीला कोयनेतनं विसर्ग किती चाललाय ते बघायचं, कारण आपल्याकडं ऊन पडलेलं असलं तरी वर पाटण-महाबळेश्वरला पाऊस धो धो असेल तर पाणी इथं यायचंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटाच्या वर गेलं.

आम्ही का अडकलो ते सांगते कारण तीच चूक नवीन माणूस करतो. भाचा आदल्या संध्याकाळी गाडी घेऊन न्यायला आला होता. घरमालक म्हणाले २००५ च्या पुरात आपल्या पायरीपर्यंतच आलं होतं, त्याच्या वर नाही येत, आणि यांनी भाच्याला परत पाठवला. गावभागात त्या वेळी कितीतरी लोक २००५ ची खूण धरूनच घरात बसून राहिले. पूर इथं लोंढ्यासारखा येत नाही हो, हळूहळू चढतो, आणि दारातनं यायच्या आधी गटारीतनं उलटा येतो. रात्री अकराच्या सुमाराला बाथरूमच्या जाळीतनं गुडगुड आवाज यायला लागला, मला वाटलं वरच्यांनी टाकी ओव्हरफ्लो केली, लाइट लावून बघते तर जाळीतनं काळं पाणी वर येतंय आणि त्याच्यावर झुरळं. पहाटेपर्यंत पलंगाला पाणी लागलं. आम्ही दोघं मालकांच्या वरच्या मजल्यावर. लाइट गेलेली, नळाला पाणी नाही, आणि यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं ते मी पदरात गुंडाळून वर आणलं. मालकीणबाईंनी माठात थोडं पाणी ठेवून त्यात एक पातेली तरंगत ठेवली आणि त्या पातेलीत ती बाटली ठेवली, दर दोन तासांनी मी हात घालून बघत होते गार आहे का. तिसऱ्या दिवशी बोट आली, गुडघे वाकत नाहीत अशा माणसाला गॅलरीतनं बोटीत उतरवायला चार पोरं लागली. त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

पुढचे तेवीस दिवस आम्ही नणंदेच्या हॉलमध्ये. त्यानंतर विश्रामबागलाच दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला आणि २०२१ ला परत पाणी ५४-५५ फुटाला गेलं तेव्हा आम्ही आमच्याच घरात होतो, आणि गावभागातले ते मालक-मालकीणबाई आमच्याकडं.

म्हणून घर बघताना काय बघायचं. एजंट सगळेच म्हणतात ‘इथं पाणी येत नाही.’ त्याला नका विचारू, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, आणि नुसतं ‘पाणी येतं का’ नाही, ‘एकोणीसला कुठवर होतं’ असं विचारा. मी एका बिल्डिंगखाली चहावाल्याला विचारलं तर त्यानं छातीवर हात ठेवून दाखवला, ‘मावशी, हितंपर्यंत हुतं, माझा गाडा त्या झाडाला बांधून ठिवलेला.’ एजंट शेजारीच उभा होता. मग लाइटचे मीटर बघा, डोक्याच्या वर बसवलेत का, तळमजल्याच्या भिंतीचा रंग अर्ध्यापर्यंत वेगळा आहे का, सॉकेट वर सरकवलेत का. आणि पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या. महापालिकेच्या नगररचना विभागात आपला सर्व्हे नंबर घेऊन जायचं आणि घर कुठल्या रेषेत येतं ते विचारायचं. आमच्यासारख्यांनी लाल रेषेच्या बाहेरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. वरचा मजला घेतला म्हणजे झालं असंही नाही, कारण खाली पाणी आलं की लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जातं, मोटर जाते, मीटर जातात, आणि पूर ओसरल्यावरसुद्धा कित्येक दिवस चौथ्या मजल्यावरचा म्हातारा माणूस खाली उतरू शकत नाही. शामरावनगरसारख्या भागात नदी लांब असूनही सखल जमीन आणि काळी माती असल्यामुळं नुसत्या पावसानं पाणी साठतं, तेही ध्यानात ठेवा.

साताऱ्याकडं बघणारेही बरेच असतात, हवा चांगली, पुणं जवळ, पेन्शनरांचं गाव. तिथं हल्ली धरणाच्या बॅकवॉटरला प्लॉट दाखवतात. ते प्लॉट तुम्हाला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दाखवतील कारण तेव्हा धरण भरलेलं असतं आणि पाणी अगदी कुंपणाशी दिसतं. तेच मे महिन्यात जाऊन बघा, पाणी लांब खाली गेलेलं असतं आणि समोर नुसता भेगाळलेला गाळ. नदीकाठचं घर ऑगस्टमध्ये बघायचं आणि धरणाकाठचं मे मध्ये. शिवाय बामणोलीकडं राहायचं तर रात्री छातीत दुखलं की कासवरनं घाट उतरून साताऱ्याला यायचं, धुक्यात, पावसात. पन्नाशीत वीकएंडला ठीक आहे. सत्तरीत नको.

आता नातेवाईकांजवळ म्हणजे काय, इथं लोकांचा मोठा घोळ होतो. बहुतेकांच्या डोक्यात जवळ राहायचं म्हणजे मुलाजवळ. आमच्या ओळखीचं एक जोडपं मिरजेतलं स्वतःचं बैठं घर विकून पुण्यात मुलाच्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिलं. दोन वर्षांत मुलाला जर्मनीला जायची संधी आली, तो गेला, जायलाच पाहिजे होतं त्याच्या दृष्टीनं. हे दोघं तिथं, शेजारी कोण माहीत नाही, भाजी अॅपवर मागवायची आणि अॅप जमत नाही. वहिनी फोनवर रडायच्या. मुलांच्या नोकऱ्या फिरत्या असतात, त्यांच्यामागं आपण या वयात घरं बदलत जाऊ शकत नाही.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगते, आधी दुसरी किल्ली कुणाकडं ठेवणार ते ठरवा, मग घर बघा. आमच्या घराची दुसरी किल्ली नणंदेकडं आहे. यांना २०२२ ला रात्री दोन वाजता घाम फुटला, हात थरथरायला लागले, मी यांना धरून बसलेली, दार उघडायला उठायची सोय नाही, भाचा किल्लीनं दार उघडून आत आला, फोन केल्यापासून सात मिनिटांत. शुगर ४८ होती. साखरेचं पाणी पाजलं आणि तसंच मिरजेला नेलं. तो सात मिनिटांतला माणूस म्हणजे कुटुंब, मग तो भाचा असेल, चुलत दीर असेल, नाहीतर वीस वर्षांची शेजारीण असेल. असा माणूस तुमचा सांगलीत असेल तर या, कराडला असेल तर कराडला जा, डोंबिवलीतच असेल तर डोंबिवली सोडू नका.

जवळ म्हणजे एकाच घरात मात्र नको. तेवीस दिवस नणंदेच्या हॉलमध्ये राहिल्यावर दोन्हीकडं ताण आला होता, तिची सून सकाळी ऑफिसला जायच्या घाईत आणि आम्ही दोघं चहाची वाट बघत बसलेले, वाईट कुणीच नव्हतं. नवीन घरात आल्यावर सुरुवातीला नणंद कधीही यायची, मला दुपारी पडायचं असायचं, मी दोन महिने गप्प राहिले आणि मग एक दिवस सरळ बोलले की वन्सं, चारनंतर या, रोज या. तेव्हापासून ती रोज चारला येते. जवळ राहायचं तर आपल्यालाही द्यावं लागतं, भाच्याच्या मुलीला शाळेच्या बसवरनं आणणं आणि खाऊपिऊ घालणं हे सहा वर्षं माझ्याकडं आहे.

पैशाचं एक. घर विकून आलेले सगळे पैसे मुलाच्या फ्लॅटमध्ये घालू नका, आणि राहतं घर बक्षीसपत्रानं कुणाच्या नावावर करू नका, मृत्युपत्र करा. करायचंच झालं तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द कागदात पाहिजेत, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार घेऊन पुढं बक्षीसपत्र रद्द करायची वेळ आली तर ती अट लिहिलेली लागते. वकिलाला हे विचारूनच सही करा.

बाकी सोयींचं सांगलीत फारसं अडत नाही. दवाखान्यांसाठी मिरज, डॉ. वानलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून ते दवाखान्यांचंच गाव आहे, आणि विश्रामबागहून रिक्षानं पटकन जाता येतं. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस, रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीनंतर सगळ्यांनाच फुकट. पेन्शनचं खातं इथल्या ब्रँचला आणून घ्या म्हणजे नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला धावपळ नको.

हे अजून आठवड्यातनं तीनदा रिक्षा करून घाटावर जातात, तासभर बसतात, परत येतात. जून लागला की मी पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आधार, घराचे कागद, विम्याची पॉलिसी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वर ठेवते, दुसऱ्या मजल्यावर असलो तरी ठेवते. तुम्ही लगेच विकत घेऊ नका, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करून एक अख्खा पावसाळा भाड्यानं राहून बघा. आणि नुसतं बघायला यायचं असेल तर जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या, मी घाटापासून सुरुवात करून एकोणीसच्या खुणा असलेली सगळी घरं दाखवते, जुन्या चपला आणि छत्री तेवढी बरोबर आणा.