आधी सावली, मग रंग

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जलरंग घेऊन बसलं की नेहमीची रड: पायऱ्या रंगवून होईपर्यंत सावली सरकलेली असते. मग तिच्यामागे धावताना चित्र गढूळ होतं. माझे तरी बरेच कागद असेच वाया गेले.

आता असं करतो:

१. रंगपेटी बंदच ठेवायची. पाच मिनिटं नुसतं बसायचं. नजर पुन्हापुन्हा जिथे जाते तेवढंच चित्रात घ्यायचं. बाकीचा घाट सोडून द्यायचा (सोडवत नाही, तरी).

२. डोळे किलकिले करायचे. दगडांचे सांधे, शेवाळ सगळं पुसलं जातं आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. ते पेन्सिलीने काडेपेटीएवढ्या चौकटीत मांडायचे.

३. मोठ्या कागदावर सावलीच्या कडा लगेच आखायच्या. नंतर ऊन कुठेही जाऊ दे, चित्रातली सावली हलवायची नाही.

एक सांभाळा, कागदावर थेट ऊन नको. चकाकीत रंगांचा अंदाज चुकतो, घरी आल्यावर तेच चित्र काळपट दिसतं. शिवाय वॉश (भरपूर पाण्यातला पातळ रंगाचा थर) पसरायच्या आत वाळतो. छत्री नसेल तर आपल्याच अंगाची सावली कागदावर पडेल असं बसा.