मशीनवरची कमाई थांबवल्यानंतर: पहिल्या दोन वर्षांची व्यवस्था

स्लॉट मशीनवर खेळून पोट भरणारी माणसे थोडी असतात आणि ती आपला धंदा कोणाला सांगत नाहीत, त्यामुळे तो सोडल्यावर काय करावे हेही त्यांना कोणी सांगत नाही. मी नाशिकहून गोव्याला जाऊन-येऊन सहा वर्षे हा उद्योग केला आणि तो सोडून आता चार वर्षे होत आली आहेत. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यामुळे या मशीनना थारा नाही. गोव्यात मात्र १९७६ च्या जुगार कायद्यात नंतर घातलेल्या १३-अ कलमाखाली पंचतारांकित हॉटेलांतील स्लॉट मशीनना आणि जहाजांवरील कॅसिनोंना सरकार परवानगी देते. नाशिकरोडवर मंगला एक्स्प्रेस पकडायची, मडगावला उतरायचे, पाच दिवस खेळायचे आणि परत यायचे, असा माझा महिन्यातून दोनदा क्रम होता. पुढील मजकूर अशाच माणसासाठी लिहिला आहे, पण शहरातल्या एखाद्या चोरट्या गेम पार्लरमध्ये किंवा मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात ज्याची वर्षे गेली, त्यालाही यातला बराच भाग लागू पडेल.

नोकरी शोधण्याआधी जुना हिशेब पुरा करावा. ज्याने खरोखर मशीनवर पोट भरले त्याच्याकडे वही असते. वहीच नसेल, तर पोट दुसऱ्या कोणाच्या तरी पैशावर भरले असण्याची शक्यता जास्त. माझ्याकडे वह्या होत्या. तारीख, मशीन, किती घातले आणि किती काढले एवढे रकाने त्यांत होते, आणि त्यांच्या जोरावर महिन्याला सरासरी पस्तीस हजार सुटतात असे मी घरात छातीठोकपणे सांगत असे. खेळ सोडल्यावर एका रविवारी पंचवटीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातली एक वही वाचायला घेतली. ते आयुष्यभर एका पतसंस्थेत रोखपाल होते, त्यामुळे वही चाळणे त्यांना जमत नाही. ते पहिल्या पानापासून बेरजा तपासत जातात. पाऊण तासाने त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि विचारले, “यात गाडीभाडे कुठे लिहिले आहेस?”

गाडीभाडे कुठेच नव्हते. खोलीचे भाडे नव्हते, जेवणखाण नव्हते, मडगावहून पणजीला जाण्याची टॅक्सी नव्हती. आम्ही त्याच दुपारी आठवून मांडले, तेव्हा एका फेरीचा खर्च तेरा हजारांच्या घरात गेला, म्हणजे महिन्याला सव्वीस हजार. पस्तीसातून सव्वीस गेले की नऊ उरतात. महिन्याचे दहा दिवस, दिवसाचे नऊ तास, असे नव्वद तास मी मशीनसमोर बसत होतो. म्हणजे माझी मजुरी ताशी शंभर रुपये पडत होती आणि त्यातून कर अजून वजा व्हायचाच होता. हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील, पण रकाने हेच ठेवावेत आणि शक्यतो शेजारी असा माणूस बसवावा, ज्याला मशीनमधले काही कळत नाही आणि हिशेबातले कळते.

वहीवरून आणखी एक गोष्ट तपासायची असते: कमाईत कसब किती होते आणि नशीब किती. मशीनचा परतावा ९५ टक्के धरला आणि वीस रुपयांचा डाव तासाला सहाशे वेळा खेळला, तर बारा हजारांची उलाढाल होते आणि त्यातले सहाशे रुपये सरासरीने मशीनकडे राहतात. प्रत्येक डावाचा निकाल आतला यादृच्छिक, म्हणजे कसल्याही क्रमाविना निघणारा, अंक ठरवतो. मागचा डाव मशीनला आठवत नाही, म्हणून ‘ही मशीन आज तापली आहे’ या बोलण्याला काही अर्थ नसतो. ठरावीक रकमेच्या आत फुटणारच अशी रचना असलेला जॅकपॉट त्या रकमेच्या अगदी जवळ येणे, आधीच्या खेळाडूने अर्धवट भरलेला बोनस सोडून उठून जाणे, कॅसिनोने परत आणण्यासाठी दिलेली सवलत, एवढ्याच फटींतून खेळणाऱ्याच्या बाजूने हिशेब झुकू शकतो. तेव्हा सगळ्या नफ्यातून मोठे जॅकपॉट बाजूला काढून उरलेल्याची बेरीज करावी. माझ्या सहा वर्षांतून तीन जॅकपॉट काढले, तर बाकी शून्याच्या खाली जाते. हे कळण्यात दुःख आहे, परंतु पुढच्या कामात आपल्या कोणत्या गुणावर विसंबावे याचा निर्णय याच बेरजेवर होतो.

यानंतर कर. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण इथेच कागद मिटवून ठेवतात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ११५ बीबी कलमानुसार जुगारात जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर लागतो आणि ४ टक्के उपकर धरून तो ३१.२ टक्के होतो. करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेचा आधार इथे मिळत नाही, प्रवासखर्च वजा होत नाही आणि हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेतून वळती करता येत नाही. म्हणजे वर दादांनी मांडलेला हिशेब आयकर खात्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. खाते फक्त ‘काढले’ हा रकाना पाहते. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसातून कर कापून घेतला असेल, तर तो फॉर्म २६ एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या नोंदपत्रकात, दिसतो, म्हणून आधी तो उतरवून वहीशी ताडून पाहावा. जुने विवरणपत्र चुकले असेल, तर संबंधित करनिर्धारण वर्ष (कमाईच्या पुढचे आर्थिक वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. जितका उशीर तितका जादा कर, तो २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला असला, तरी मागच्या वर्षांचा निवाडा जुन्याच कायद्याने होतो. इथे मात्र स्वतः शहाणपणा न करता कर सल्लागाराची फी द्यावी.

देण्यांची यादी करताना फक्त बँक आठवते आणि भिशी विसरते. भिशीची आधी उचललेली रक्कम, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, बायकोचे तारण ठेवलेले दागिने, पतसंस्थेचे कर्ज आणि खासगी सावकार, हे सगळे एका पानावर आले पाहिजे. मी पहिले पतसंस्थेचे कर्ज फेडले, कारण त्यावर जामीनदार म्हणून माझ्या मित्राची सही होती आणि वसुली त्याच्या पगारापर्यंत पोहोचली असती. व्याजाच्या दृष्टीने सावकार आधी फेडायला हवा होता हे मला मान्य आहे. तरी पुन्हा वेळ आली तर मी तसेच करीन. सावकाराबाबत एवढे लक्षात ठेवावे की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली त्याला परवाना लागतो आणि शेतीखेरीज इतर कर्जांवर तारण असल्यास वर्षाला १५ व विनातारण असल्यास १८ टक्के अशी व्याजाची मर्यादा ठरवून दिलेली आहे. शेकडा पाचने महिना घेणारा वर्षाला साठ टक्के घेत असतो. त्याच्याकडे सही केलेले कोरे धनादेश असतील, तर पैसे देताना पावती आणि शेवटचा हप्ता देताना ते धनादेश परत मागावेत. तो नकार देत असेल, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते.

आता हातात येणारा पैसा. मशीन सोडलेल्या माणसाला पाचशेच्या नोटेची किंमत राहिलेली नसते आणि हा दोष इच्छाशक्तीने जात नाही, त्याला अडसरच घालावे लागतात. पगाराचे खाते मी बायकोबरोबर काढले आणि दोघांच्या सह्यांशिवाय मोठी रक्कम निघणार नाही अशी सूचना बँकेला लिहून दिली. फोनवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा दोन हजारांवर आणली. बचतीसाठी मला सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते, म्हणजे पीपीएफ, सर्वांत चांगले वाटते. त्याची पंधरा वर्षांची मुदत इतरांना जाचक वाटते, आपल्याला तीच उपयोगी पडते. कॅसिनोतून ‘सर, या वेळी खोली आमच्याकडून’ असे फोन वर्षभर येतात. १९०९ वर नोंदणी करून जाहिरातीचे फोन बंद करावेत, ओळखीच्या माणसाचा क्रमांक मात्र स्वतःच्या हाताने अडवावा लागतो. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला आहे.

कामाविषयी बोलायचे तर आधी काय करू नये ते सांगतो. मशीनवर शिस्तीने खेळणाऱ्याला आपण शेअर बाजारातही तसेच खेळू असे वाटते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर बांधलेल्या सौद्यांत, उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक सौदेदारांपैकी ९३ जण तोट्यात गेले. नाशिक जिल्ह्यात याहून जवळचा मोह आहे आणि तो कष्टाचे सोंग घेऊन येतो: एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा घ्यायचा, कांदाचाळीत भरायचा आणि लासलगावचा भाव चढण्याची वाट पाहायची. शेतकऱ्याला ते करावेच लागते, कारण कांदा त्याचा आहे. उसन्या पैशाने कांदा विकत घेऊन बसणारा माणूस मात्र पावसाळाभर रोज सकाळी भाव पाहतो, सड आणि घट मनातल्या मनात कमी धरतो आणि निर्यातीवरचा एखादा निर्णय आला की हातातले सगळे घालवतो. सिंहस्थात एकदाच दुकान लावून वर्षाची कमाई काढू, हा विचारही त्याच कुळातला. पहिली दोन वर्षे ज्या कामात मोबदला ठरलेला आणि तारीख ठरलेली आहे, तेच करावे. नवा व्यवसाय आणि त्यासाठीचे सरकारी योजनेतले कर्ज नंतर.

सहा वर्षांची मोकळी जागा अर्जात कशी भरावी, याची सगळ्यांना भीती असते. ओळखीच्या दुकानदाराकडून अनुभवाचा खोटा दाखला आणणारे पाहिले आहेत. तसे करू नये, कारण सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक फोन केला की खरे कळते. मला पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये जानेवारी ते एप्रिल एवढ्या हंगामापुरते नोंदी ठेवण्याचे काम मिळाले. कोणत्या बागायतदाराचा माल, किती क्रेट, किती नापास, शीतगृहात किती वाजता गेला, असे ते काम. मालकांनी विचारले, “इतकी वर्षे काय करत होता?” मी म्हणालो, “गोव्याला मशीन खेळत होतो, आणि वही ठेवत होतो.” त्यांनी वही मागवून घेतली, दोन पाने पाहिली आणि म्हणाले, “अक्षर चांगले आहे. रोख तुमच्याकडे दिली तर चालेल ना?” मी सांगितले, “एक वर्ष देऊ नका, शेठ.” त्या उत्तरामुळेच हंगाम संपल्यावर मला ठेवून घेतले असे मला वाटते, पण त्यांनी तसे कधी सांगितलेले नाही. शिक्षण अर्धे राहिले असेल, तर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावाजवळ आहे, आणि हाताला कसब हवे असेल तर सातपूरला त्र्यंबक रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे.

शेवटी अंगात मुरलेली सवय राहते. पहिला पगार सोळा हजार, सात तारखेला आला. बँकेचा संदेश मी तीनदा वाचला आणि मला काहीच वाटले नाही. आनंद नाही, निराशाही नाही. मशीनवर चारशे रुपये सुटले तरी जे व्हायचे ते झाले नाही. दोन चिन्हे जुळून तिसरे एका घराने चुकते, तेव्हा जिंकल्यासारखीच उसळी येते, आणि मशीन बनवणाऱ्यांना ते माहीत असते. ठरावीक पगाराला ती उसळी नसते. माझी उजव्या हाताची बोटे संध्याकाळी जेवणाच्या ताटावर आपोआप वाजत असत, आई ताट सरकवून घेई. संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ वाईट असते, म्हणून ती मोकळी ठेवू नये. मी गोदाघाटावर चालायला जात असे आणि खिशात फक्त चहापुरते सुटे पैसे ठेवत असे. झोप उडणे, लपून उसने मागणे, जीव नकोसा वाटणे यांपैकी काहीही असेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे, किंवा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या सूचीत जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे, हे घरातल्या मोठ्यांना सांगितल्यास ‘घराण्याला बट्टा’ हे बोलणे थोडे तरी कमी होते.

जुन्या वह्या जाळू नयेत. करनिर्धारणाची मुदत संपेपर्यंत त्या लागतात. माझ्या माळ्यावर गव्हाच्या कोठीशेजारी पत्र्याच्या पेटीत आहेत. नवी वही दरवर्षी जानेवारीत, हंगामाबरोबर सुरू होते. तिचे रकाने दादा स्वतः पट्टी धरून आखून देतात, आणि पहिला रकाना पंचवटी ते पिंपळगाव एसटीच्या भाड्याचा असतो.