फाइलवर कॉलबॅक लावताय? या चुका टाळा

पायथनमध्ये ॲड-रीडरची एक ओळ लिहिली, म्हणजे ‘ही फाइल वाचायला तयार झाली की माझं हे फंक्शन (कॉलबॅक) चालव’ अशी नोंद सतत फाइलींवर नजर ठेवणाऱ्या इव्हेंट लूपकडे केली, आणि टर्मिनलवर पहिलं अक्षर उमटलं, की नवी पोरं ‘सर, झालं’ म्हणतात आणि तर्री-पोहे खायला खाली उतरतात. खरं तर काहीच झालेलं नसतं. नोंदणी सगळ्यांना जमते. नोंद कधी काढायची, हे कुणी विचारतही नाही.

सगळ्यात महागडी चूक मी स्वतः केली आहे. नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला संगणक जोडून दिला होता. सीरियल केबलवरून वजन यायचं, माझा कॉलबॅक ते वाचून पडद्यावर दाखवायचा. मे महिन्यात भर दुपारी फोन आला, ‘भाऊ, तुमचं कम्प्युटर काहून एवढं तापून रायलं?’ बाहेर पंचेचाळीस अंश. मी म्हणालो, कूलर तिकडे वळवा.

तापायचं कारण वेगळंच होतं. आंब्याची क्रेट उचलताना हमालाचा पाय अडकून यूएसबी केबल निघाली होती. ‘वाचायला तयार’ या इव्हेंटचा अर्थ ‘डेटा आला’ असा नसतो. ‘आता वाचलंस तर थांबावं लागणार नाही’, एवढाच तो अर्थ. पलीकडचं टोक बंद झालं तरी फाइल ‘तयार’च असते, वाचायला गेलात की शून्य बाइट मिळतात. मी शहाणपणानं लिहिलं होतं, ‘रिकामं आलं तर परत फिर.’ कॉलबॅक परत फिरायचा, लूप लगेच पुन्हा हाक मारायचा, आणि प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर. तेही चाललं असतं, पण पडद्यावर शेवटचं वजन तसंच राहिलं आणि पुढच्या चार पट्ट्या त्याच आकड्यानं फाटल्या. अडत्या काय बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून शून्य बाइट आले की आधी नोंद काढतो, मग फाइल बंद करतो, पडद्यावर डॅश टाकतो आणि पाच सेकंदांनी पुन्हा जोडून बघतो. क्रम उलटा करू नका. आधी बंद केलीत तर तो डिस्क्रिप्टर क्रमांक (उघड्या फाइलला सिस्टिम देते तो आकडा) मोकळा होतो. नवी फाइल उघडली की सगळ्यात लहान मोकळा क्रमांक तिला मिळतो, आणि जुनी नोंद तिच्या मानगुटीवर बसते. माझी सवय अशी: नोंदणीची ओळ लिहिली की कॉलबॅकचं अंग लिहिण्याआधी नोंद काढायची ओळ लिहायची. पोरं हसतात. हसू द्या.

दुसरा लाडका घोळ म्हणजे एक हाक म्हणजे एक पूर्ण ओळ, असं धरून चालणं. 9600 बॉडला (हा सीरियल केबलचा वेग) एक अक्षर यायला साधारण 1 मिलिसेकंद लागतो. लूप चपळ असेल तर ‘1248’ मधले ‘12’ आधी येतात, ‘48’ पुढच्या हाकेला. टेबलावर चाचणी घेताना हे बहुतेक वेळा दिसत नाही, बाजारात दिसतं. आलेलं सगळं बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवा, ओळ संपल्याची खूण मिळाली की मगच तोडा. ‘थोडं थांबून वाचलं की पूर्ण येतं’ हा जुगाड मला दाखवायला आणू नका.

लिहिण्याचा कॉलबॅक कायमचा लावून ठेवू नका. सॉकेटच्या (नेटवर्क जोडणीच्या टोकाच्या) बफरमध्ये जागा बहुतेक वेळ असतेच, म्हणजे हाक अखंड येणार. पाठवायचं काही शिल्लक असेल तेव्हाच लावा, संपलं की काढा.

बाकीच्या चुका पटापट. फंक्शनच्या नावापुढे कंस लावलात तर ते तिथेच चालतं आणि नोंद त्यानं परत दिलेल्या वस्तूची होते. फॉर-लूपमध्ये लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शन्स) बनवलेत तर सगळे शेवटच्याच फाइलकडे बघतात. कोणती फाइल तयार आहे हे लूप सिस्टिमच्या ईपोल किंवा सिलेक्टला विचारतो; डिस्कवरच्या साध्या फाइलला ईपोल नकार देतो, आणि सिलेक्ट तिला कायम तयारच म्हणतो. फाइल बदलली का हे हवं असेल तर लिनक्समध्ये आयनोटिफाय आहे, 2005 पासून. विंडोजवर पायथन 3.8 पासूनच्या डिफॉल्ट लूपमध्ये ॲड-रीडर चालत नाही, तेव्हा ‘माझ्या लॅपटॉपवर एरर येतो’ म्हणण्याआधी लॅपटॉप कोणता ते सांगा. आणि कॉलबॅकच्या आत स्लीप लिहिलंत, तर तेवढा वेळ काटा, प्रिंटर, पडदा सगळे तुमच्यासाठी ताटकळत उभे.