गोव्यात घरावर सोलार बसवताय? आधी माडाची सावली बघा

डिचोलीला आमच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलार बसलं तेव्हापासून वाड्यावरचा जो भेटतो तो एकच विचारतो, सबसिडी खरंच मिळते काय? मिळते, केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर' योजनेतून. १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त असलं तरी ७८ हजारच, त्यामुळे कोण ५ किलोवॅट गळ्यात मारायला बघत असेल (आमच्याकडे एकाने बघितलंच) तर आधी बिलं काढा. १ किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतं, पावसात बरंच कमी. वर्षभराची बिलं मांडून सरासरी ३०० युनिट येत असतील तर ३ किलोवॅट पुरे.

मग छपरावर जा, तेही सकाळी ९, दुपारी १ आणि ४ असं तीनदा. किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते आणि ती सावलीशिवाय. आमच्या माडाची एक चुडत ४ वाजता बरोबर कोपऱ्यातल्या पॅनेलवर यायची, एवढ्याशा सावलीने त्या लायनीतल्या बाकीच्या पॅनेलांचीही वीज कमी व्हायची, शेवटी नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला बोलावून ती उतरवली. कौलारू घर असेल तर आधी वासे तपासून घ्या. किनाऱ्याजवळ राहत असाल तर स्टँड कशाचा ते लेखी घ्या, खारा वारा साधं लोखंड ठेवत नाही.

अर्ज करायच्या आधी कागद नीट करा. बिल आजोबांच्या नावावर, बँक खातं तुमचं, असं असेल तर सबसिडी अडकते, म्हणून मीटर नावावर करून घ्या. मग 'पीएम सूर्यघर'च्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करायचा, मंजुरी आली की तिथल्याच यादीतला व्हेंडर निवडायचा. पॅनेल भारतात बनलेले, आतले सेलसुद्धा इथलेच हवेत, नाहीतर सबसिडी विसरा. काम झालं की नेट मीटर लागतो, तपासणी होते, त्यानंतर बँक खात्याचा तपशील भरायचा.

नेट मीटर म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण घोळ इथेच होतो. दुपारी आम्ही घरात नसतो, तेव्हाची वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वीज खात्याच्या तारांत जाते, रात्री एसी लावला की ग्रीडमधून परत येते, बिल फक्त फरकाचं, फिक्स्ड चार्ज मात्र चुकत नाही. आणि लाईट गेली की सोलारही बंद! तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) मुद्दाम थांबतो. जुलैत भर दुपारी बायको पंख्याकडे बघत म्हणाली, मग एवढे पैसे कशाला घातले? बॅकअप हवा असेल तर बॅटरीवालं हायब्रिड सोलार घ्यावं लागतं, खर्च वाढतो.

गोव्यात स्वतःची वीज जवळजवळ नाहीच, बरीचशी छत्तीसगडातल्या कोरबा, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते आणि वीज आणायच्या लाईनीसाठी झाडं कापण्यावरून मोलेच्या जंगलात केवढा वाद झाला ते माहीतच आहे. छपरावर झालेलं युनिट तेवढ्या लांबून आणावं लागत नाही.

पावसाळा संपला की पॅनेलच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं. सकाळी लवकर साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका.