मुलाखतीचं जोडपान (समोरासमोरची दोन पानं) असं लावा की पोरं ते वाचतील

दहावी-अकरावीची मुलं मुलाखत पहिल्या ओळीपासून वाचत नाहीत. आधी फोटो, मग मथळा, मग मोठ्या अक्षरातलं एखादं वाक्य. तेवढ्यात मन बसलं, तरच प्रश्नोत्तरं. सोलापुरात शाळेचा वार्षिकांक करताना मी मुलांना याच क्रमाने कामाला लावते.

फोटो माणसाच्या जागेवरचा घ्या. चादर विणणारे काका असतील तर मागाशेजारी. नजर मजकुराकडे वळलेली असावी, आणि चेहरा मधल्या घडीवर येऊ देऊ नका. पिना मारल्या की तेवढा भाग आत जातो.

मथळा शोधायला रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. खो-खो खेळणाऱ्या एका ताईची मुलाखत पोरांनी लिहून आणली, त्यात होतं, ‘मी पहाटे नियमित सराव करत असे.’ रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणाली होती, ‘पाच वाजता मैदानावर कुत्री असायची आणि मी.’ मथळा समोर होता, पोरांनी तो शुद्ध करताना पुसून टाकला होता!

म्हणून बोली जपा. सोलापूरच्या घरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. ‘काय करायलास बे?’ हे तसंच छापा. कुणी ‘अम्मम्मा’ म्हणालं तर तोच शब्द ठेवा, ‘आईची आई’ एवढं त्याच ओळीत सांगा. आपल्यासारखं बोलणारं माणूस पानावर दिसलं की मुलं थांबतात, हे मी दरवर्षी बघते.

प्रश्न एका दमात विचारता येतील एवढेच असावेत. ‘यशाचे श्रेय कोणाला द्याल?’ याला पाठ केलेलं उत्तर मिळतं. ‘ताई, पहिली मॅच हरलीस, त्या रात्री जेवलीस का?’ याला खरं मिळतं. काकांना मात्र ‘तुम्ही’च.

आता अक्षरं. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांनी जोर देता येतो, देवनागरीत ती सोय नाही. तिरकी अक्षरंही मराठीत डोळ्याला खुपतात. जोर हवा तिथे अक्षर जाड करा किंवा मोठं करा. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळी दाटीने लावल्या तर एकमेकींत अडकतात. मजकूर 11 पॉइंटचा असेल तर ओळींमधलं अंतर 16-17 पॉइंट ठेवा. मजकुराला मुक्ता आणि मथळ्याला बालू हे फॉन्ट चांगले. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले आहेत आणि मोफत मिळतात. तिसरा फॉन्ट नको. रंगही एकच, फोटोतूनच उचललेला.

मधोमध एक ठळक वाक्य, कडेला आवडीनिवडीची छोटी चौकट, बस्स. मुलाखत देणारं मूल अठराच्या आतलं असेल तर फोटोसाठी पालकांची परवानगी आधीच घ्या.

छापण्याआधी कच्चं पान मधल्या सुट्टीत बाकावर ठेवा आणि लांबून बघा. ज्या उत्तरापाशी मुलं पान सोडतात, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ते उत्तर अर्धं करा.