आधी चायनाग्रास, मग पेशंटची मान

नवीन रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) आले की त्यांना मशीन घेऊन थेट पेशंटकडे जाऊ देत नाही. आधी जेलीचा, मांसासारखा ठोकळा शिजवायला लावतो. सोनोग्राफीत बघून सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, टाकायचा सराव त्याच ठोकळ्यावर.

सरावाचा विकतचा पुतळा आमच्या बजेटात बसत नाही. सुरुवातीला मी जिलेटिन वापरलं. मे महिना, यवतमाळकडचं ऊन, दुपारी वीज गेली, आणि तासाभरात ट्रेमध्ये नुसतं सूप. चायनाग्रास, म्हणजे समुद्री शेवाळापासूनची जेलीची पावडर, एकदा गोठलं की उन्हाला दाद देत नाही.

एक लिटर गार पाण्यात ३० ग्रॅम पावडर कालवून चांगली उकळी आणा. गॅस बंद करून दोन मोठे चमचे इसबगोल घाला. त्याशिवाय पडदा नुसता काळा दिसतो, मांसासारखा करडेपणा येत नाही. ढवळा हळूच, कारण बुडबुडा राहिला की चित्र बिघडतं. ग्लोव्हचं एक बोट बीटाच्या पाण्यानं भरा, हवा काढून गाठ मारा. ही झाली शीर. निम्मं मिश्रण डब्यात ओता, जरा धरलं की बोट आडवं ठेवा, वरून उरलेलं ओता. आमच्या मेसच्या मावशींनी झाकण उघडून विचारलं होतं, "खाची हाय काय जी?" तेव्हापासून डब्यावर चिठ्ठी असते.

लिनिअर प्रोब घ्या, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा सपाट तोंडाचा भाग. त्याच्या एका कडेला आपलं बोट घासून पडद्यावर कुठली बाजू हलते ते बघा. हे न करता सुरू करणारा डावीकडे जायचं तर उजवीकडे जातो.

आता खरी गोम. शिरेचा आडवा छेद घेतला की सुई पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते आणि पोरगं म्हणतं, "टोक दिसलं, सर." मी म्हणतो, सुई धरून ठेव, प्रोब केसभर पुढे सरकव. ठिपका अजून आहे? मग तो दांडा होता, टोक पुढेच गेलंय. ठिपका नाहीसा होतो तिथे थांबायचं, मग सुई तेवढीच पुढे. एका वेळी एकच हात हलवायचा. दोन्ही हलवले की शोधाशोध सुरू.

पंधरा-वीस वेळा टोचलं की जुन्या भोकांतली हवा पांढऱ्या रेघा दाखवते आणि त्यालाच सुई समजतात. ठोकळा पुन्हा वितळवा.

गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे मशीन नोंदणीच्या जागेबाहेर नेत नाही, आणि सरावासाठी गरोदर बाईच्या पोटावर प्रोब ठेवायचा नाही म्हणजे नाहीच.

सिरिंजमध्ये लाल आलं की सगळे खूश होतात. मी सुरी घेऊन ठोकळा मधोमध कापतो. बोटाच्या खालच्या बाजूला लाल डाग सापडला, म्हणजे सुई शीर फोडून आरपार गेली होती. ज्याचा डाग, उद्याचा ठोकळा त्यानं शिजवायचा.